चंद्रग्रहण आणि पंचांगकर्त्यांची परीक्षा

चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते, पण प्रत्येक पौर्णिमेला होत नाही. पृथ्वीची दाट सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला निमुळती होत सुमारे चौदा लाख किलोमीटरपर्यंत जाते. चंद्राच्या अंतरावर या सावलीची रुंदी सुमारे ९,२०० किलोमीटर, म्हणजे चंद्रबिंबाच्या अडीच पटींहून थोडी जास्त भरते. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाशी, पाच अंशांहून किंचित मोठा कोन करते. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र या सावलीच्या उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून निघून जातो. दोन्ही वर्तुळे परस्परांना छेदतात ते बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमेचा चंद्र यांपैकी एका बिंदूच्या जवळ असला, तरच तो सावलीत शिरतो. बिंबाची कड सावलीला टेकते तो स्पर्श, बिंब पूर्ण बुडते ते संमीलन, सावलीच्या मध्याशी सर्वांत जवळ येते तो ग्रहणमध्य, पहिली कड उजळते ते उन्मीलन आणि शेवटची कड सुटते तो मोक्ष. संमीलनापासून उन्मीलनापर्यंतचा खग्रास काळ जास्तीत जास्त एक तास सत्तेचाळीस मिनिटांचा असतो. सावली थोडीशीच लागली तर ग्रहण खंडग्रास राहते. चंद्र नुसत्या विरळ उपछायेतून गेला, तर त्याला पंचांगात छायाकल्प ग्रहण म्हणतात आणि त्याचे वेध पाळत नाहीत.

खग्रास सूर्यग्रहण एका अरुंद पट्ट्यातच दिसते. चंद्रग्रहण मात्र ज्या ज्या ठिकाणी चंद्र क्षितिजाच्या वर असेल तिथे सगळीकडे एकाच क्षणी दिसते आणि त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही. गणिताच्या इतिहासात या साध्या गोष्टीला फार महत्त्व आले. पंचांगातली तिथी, नक्षत्र, योग किंवा करण आकाशाकडे पाहून कोणी पडताळत नाही. दशमी चार घटका आधी संपली की नंतर, हे गावाला कळण्याचा मार्ग नाही. ग्रहण मात्र अख्खे गाव पाहते. सांगितलेल्या वेळी चंद्र काळवंडला नाही, तर जोशाची फजिती चारचौघांत होते. भारतीय ज्योतिषगणिताला वेळोवेळी आकाशाकडे पाहायला भाग पाडले ते मुख्यतः या भीतीने, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

ग्रहणाचे खरे कारण भारतीय गणकांना निदान दीड हजार वर्षांपासून ठाऊक आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’च्या गोलपादात सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी छाया झाकते, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. छायेची लांबी काढण्याची रीतही तिथेच दिली आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त राहूच्या तोंडात चंद्र जातो या समजुतीची उलटतपासणी केली. चंद्रग्रहण नेहमी बिंबाच्या पूर्व कडेकडून का लागते आणि सूर्यग्रहण पश्चिम कडेकडून का, हा त्याचा प्रश्न पुराणकथेला सुटण्यासारखा नव्हता. उत्तर सरळ आहे. चंद्र आकाशात पूर्वेकडे सरकतो, म्हणून सावलीत त्याची पूर्व कड आधी शिरते.

सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने मात्र उलटा सूर लावला. राहूला नाकारणारे वेद आणि स्मृती यांच्या विरुद्ध बोलतात, अशी त्याने आर्यभट आणि वराहमिहिर यांच्यावर टीका केली. गंमत अशी की त्याच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ग्रहण काढण्याची रीत मात्र पृथ्वीच्या सावलीचीच आहे. अकराव्या शतकात अल्बेरुनीने या विसंगतीवर बोट ठेवले आणि ब्रह्मगुप्तासारख्या मोठ्या गणितज्ञाने असे का लिहावे याबद्दल खेद केला. पुढे तडजोड रूढ झाली: वराच्या प्रभावाने राहू पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि सावलीच्या रूपाने चंद्राला झाकतो. भास्कराचार्यानेही ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) हीच वाट धरली. या तडजोडीला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. पण तिच्यामुळे गणकाला धर्मशास्त्राशी भांडण न मांडता आपले गणित शाबूत ठेवता आले, हेही खरे.

सावलीचे मोजमाप किती चांगले होते, हे ‘सूर्यसिद्धान्ता’वरून पाहता येते. त्यात पृथ्वीचा व्यास १,६०० योजने, चंद्राचा ४८० आणि सूर्याचा ६,५०० योजने धरला आहे. सूर्याचा आकडा वास्तवापासून फार दूर आहे. सूर्य पृथ्वीच्या चौपट नसून शंभर पटींहून मोठा आहे. तरीही याच आकड्यांवरून चंद्राच्या अंतरावरची सावली सुमारे १,२३८ योजने निघते, म्हणजे चंद्रबिंबाच्या जवळजवळ २.६ पट. आधुनिक मापनही याच्या आसपासच आहे. सूर्याचे अंतर आणि आकार दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान धरल्याने आकाशात दिसणारे कोन बरोबर राहिले. सावलीची रुंदी मुख्यतः या कोनांवरच ठरते.

चंद्राच्या गतीतही ग्रहणांचा असाच ठसा आहे. चंद्र कधी वेगाने, कधी सावकाश चालतो. त्यासाठी सिद्धान्तग्रंथांत जो मंदफल नावाचा संस्कार देतात तो जास्तीत जास्त पाच अंशांच्या घरात आहे. प्रत्यक्षात चंद्राचे मुख्य मंदफल सव्वासहा अंशांचे आहे, आणि त्याच्या जोडीला सव्वा अंशाहून थोडा मोठा आणखी एक संस्कार लागतो. तो अष्टमीच्या सुमारास पहिल्यात मिळवला जातो आणि पौर्णिमा-अमावास्येला त्यातून वजा होतो. सव्वासहातून सव्वा गेला की पाच उरतात. अर्थात जुना आकडा पौर्णिमेला नेमका बसतो आणि अष्टमीला अडीच अंशांपर्यंत चुकू शकतो. जुन्या गणकांनी चंद्र मोजला तो ग्रहणांच्या वेळी, ग्रहणांसाठी, याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात पंचांगाचा जो मोठा वाद पेटला त्याचे बीजही इथेच आहे.

ग्रहणाचा दुसरा उपयोग भूगोलाचा. स्पर्श किंवा उन्मीलन सर्वत्र एकाच क्षणी होते, पण त्या क्षणी ठिकठिकाणच्या स्थानिक वेळा वेगळ्या असतात. वेळेतला फरक म्हणजेच रेखांशांतला फरक. ‘सूर्यसिद्धान्त’ सांगतो की लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणाऱ्या मध्यरेषेसाठी काढलेल्या वेळेच्या नंतर खग्रास चंद्र सुटताना दिसला, तर निरीक्षक मध्यरेषेच्या पूर्वेला आहे. आधी सुटला तर पश्चिमेला. एका घटकेचा, म्हणजे चोवीस मिनिटांचा, फरक म्हणजे सहा अंश. ख्वारिझममधून अल्बेरुनी आणि बगदादमधून अबुल वफा यांनी इ. स. ९९७ मध्ये ठरवून एकच चंद्रग्रहण पाहिले आणि याच तत्त्वाने दोन ठिकाणांच्या रेखांशांतला फरक काढला.

महाराष्ट्रात चंद्रग्रहण आणि गणित यांची गाठ एका शिलालेखात पडलेली दिसते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील हा लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्याचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि त्याला निकुंभ वंशातील सोइदेवाने दान दिले. दानाचा दिवस श्रावणी पौर्णिमेचा, चंद्रग्रहणाचा. इसवी सनाने ते वर्ष १२०७ येते. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण बाजारात येणाऱ्या मालावरचे कोणते हक्क मठाला मिळाले, हा व्यवहाराचा मजकूर तेव्हाच्या मराठीत कोरलेला आहे. ग्रहणकाळी दिलेले दान अधिक पुण्याचे, या समजुतीमुळे शेकडो ताम्रपट आणि शिलालेख ग्रहणांच्या दिवशी निघाले. आज इतिहासकारांना त्याचा फायदा होतो. राजाच्या कालगणनेबद्दल शंका असली, तरी लेखात सांगितलेले ग्रहण त्या तिथीला खरोखर झाले की नाही हे गणिताने पाहता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्नने अशा लेखांच्या तारखा एकेक करून तपासल्या. ओपोल्झरने १८८७ मध्ये ८,००० सूर्यग्रहणांची आणि ५,२०० चंद्रग्रहणांची यादी प्रसिद्ध केल्यावर हे काम पुष्कळ सोपे झाले. रॉबर्ट सिवेलने १८९८ मध्ये भारतातील चंद्रग्रहणांवर स्वतंत्र पुस्तकच काढले.

मराठी मुलुखातल्या ग्रहणगणिताचा खरा नायक मात्र कोकणातला आहे. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात केशव दैवज्ञ राहत. ग्रंथांतून निघणारे ग्रह आकाशात प्रत्यक्ष कुठे दिसतात हे ते स्वतः पाहत. किती फरक पडतो ते नोंदवून त्यांनी शके १४१८ मध्ये ‘ग्रहकौतुक’ लिहिले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. त्यांनी सांगितलेले एक ग्रहण वेळेवर लागले नाही, दरबारात त्यांची थट्टा झाली, आणि ते नांदगावच्या गणपतीला शरण गेले. देवाने त्यांच्या पोटी जन्म घेऊन अपुरे काम पुरे करण्याचे वचन दिले. तो मुलगा म्हणजे गणेश दैवज्ञ. कथा खरी असो वा नसो, गणकाची अब्रू कशावर टांगलेली असे ते तिच्यातून नेमके कळते.

गणेश दैवज्ञांचे ‘ग्रहलाघव’ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० चे. मंगलाचरणानंतर ग्रंथकार थेट मुद्द्यावर येतात: कोणता ग्रह कोणत्या पक्षाच्या, म्हणजे सिद्धान्तपरंपरेच्या, गणिताने घेतला असता आकाशाशी जुळतो. सूर्य सौरपक्षाचा, म्हणजे ‘सूर्यसिद्धान्ता’चा घ्यावा, चंद्रही सौरपक्षाचाच, पण त्यातून नऊ कला (साठ कलांचा एक अंश) वजा कराव्यात. नऊ कला हे अंतर चंद्रबिंबाच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे, पण चंद्राला ते चालून जायला सोळा-सतरा मिनिटे लागतात. ग्रहणाच्या वेळेत एवढा फरक कोणाच्याही लक्षात येतो. सिद्धान्ताच्या नावाने हात जोडून न बसता चंद्र नऊ कलांनी मागे ओढणारा हा माणूस निरीक्षक होता, यात शंका नाही.

‘ग्रहलाघवा’चे दुसरे वैशिष्ट्य गणिताच्या सोपेपणाचे. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजायचे तर १५२० पर्यंत सोळा लाखांहून अधिक होतात. एवढ्या संख्येचे गुणाकार-भागाकार धूळपाटीवर करणे म्हणजे चुकांना आमंत्रण. गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे एक चक्र धरले. चक्रे किती झाली त्यानुसार ठरावीक संस्कार द्यायचा आणि उरलेल्या थोड्या दिवसांचेच गणित करायचे. ज्या काढण्याची, म्हणजे त्रिकोणमितीची, कटकटही त्यांनी पूर्ण काढून टाकली.

चंद्रग्रहणाची रीत पाहिली की ही हातोटी दिसते. पौर्णिमा संपतेवेळचा सूर्य काढायचा, त्यातून राहू वजा करायचा. उरलेल्या अंतराचा भुज, म्हणजे जवळच्या पातापासूनचे (राहू किंवा केतूपासूनचे) अंशात्मक अंतर, चौदा अंशांपेक्षा कमी असेल तरच ग्रहणाचा संभव. नाहीतर पाटी पुसून टाकावी. कमी असेल तर त्या अंशांना अकराने गुणून सातने भागायचे. येतो तो चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे अंतर, अंगुळांत. एक अंगूळ साधारण तीन कलांचे. अकरा सप्तमांश हा अपूर्णांक हवेतून आलेला नाही. चंद्राचा परम शर साडेचार अंश धरला तर पाताजवळ दर अंशाला सुमारे ४.७ कला शर येतो, आणि त्याला तीनने भागले की उत्तर अकरा सप्तमांश. बिंबाचे मापही असेच: चंद्राच्या दैनंदिन गतीच्या कलांना ७४ ने भागावे. सरासरी ७९० कलांच्या गतीला पावणेअकरा अंगुळांच्या आसपास बिंब मिळते, म्हणजे ३२ कला. चंद्र जवळ असला की वेगाने चालतो आणि मोठाही दिसतो. एकाच भागाकारात दोन्ही गोष्टी साधल्या. सावलीचे बिंब, शर आणि चंद्रबिंब हाती आले की ग्रास किती, स्थिती किती घटका, स्पर्श आणि मोक्ष कधी, हे सारे ओळीने निघते. ज्याला सिद्धान्त समजलेला नाही असा गावचा जोशीही श्लोक पाठ असतील तर तासाभरात ग्रहण काढू शकत असे.

म्हणूनच ग्रंथ भराभर पसरला. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकाच्या मोठ्या भागात पंचांगे त्यावरून होऊ लागली. गोदाकाठच्या गोलग्रामातून काशीला गेलेल्या घराण्यातील मल्लारी आणि विश्वनाथ यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी त्यावर टीका लिहिल्या आणि ग्रंथ उत्तरेतही रुजला. पण सोपेपणाची किंमत होतीच. रीत इतकी तयार मिळाल्यावर पुढच्या पिढ्यांतील पंचांगकर्ते आकाशाकडे पाहीनासे झाले.

गावात ग्रहण म्हणजे गणितापेक्षा आचार अधिक. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागत. त्या काळात जेवण नाही, शिजवलेल्या अन्नावर तुळशीपत्र किंवा दर्भ, गर्भवतीने चिरणे-कापणे टाळायचे. स्पर्शाला स्नान, मध्यात जप आणि दान, मोक्षानंतर पुन्हा स्नान. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये ‘धर्मसिंधू’त हे निर्णय एकत्र केले आणि महाराष्ट्रात अजूनही त्याचाच आधार घेतात. त्यातला एक नियम गणकाच्या दृष्टीने मोलाचा आहे: ग्रहण डोळ्यांना दिसण्याजोगे असेल तेवढाच पुण्यकाळ. चंद्र ग्रस्त स्थितीत उगवला तर उगवल्यापासून, ग्रस्त स्थितीत मावळला तर मावळेपर्यंत. ढगांनी चंद्र झाकला तर मात्र गणिताने आलेली वेळ प्रमाण. पावसाळी प्रदेशात ही शेवटची सवलत नसती तर निम्म्या ग्रहणांचे आचार बुडाले असते. भास्कराचार्याने आणखी एक व्यवहारी सूचना देऊन ठेवली होती. बिंबाचा सोळावा भागच ग्रस्त होणार असेल तर ते ग्रहण सांगू नये, कारण चंद्राच्या तेजात ते दिसत नाही.

ग्रहण लागले की महाराष्ट्रातल्या गावागावांत ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी उठे. ती देत फिरणारे बहुधा मांग समाजातले स्त्री-पुरुष असत. चंद्र-सूर्य हे राहू-केतूचे देणेकरी आणि हे लोक त्या सावकाराच्या बाजूचे, म्हणून यांना दान दिले की कर्ज फिटून चंद्र सुटतो, अशी लोककथा होती. स्नानानंतर टाकून द्यायची जुनी वस्त्रे आणि धान्य त्यांच्या पदरात पडे. ज्या रात्री ब्राह्मणाला सुवर्ण आणि गाय मिळे, त्याच रात्री यांना अंगावरून उतरलेले कपडे मिळत. आकाशातला हिशेब आणि गावातला हिशेब असे एकाच वेळी चुकते होत. जातीने लादलेली ही कामे नाकारण्याची चळवळ विसाव्या शतकात वाढली आणि ती आरोळी शहरांतून हळूहळू नाहीशी झाली.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि पंचांगाची परीक्षा अधिकच उघडी झाली. १८४० च्या सुमारास मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून शिळाप्रेसवर छापलेली पंचांगे निघू लागली. आता चूक एका गावापुरती राहत नव्हती. ती हजारो घरांत छापून जात होती. शिवाय शेजारीच इंग्रजी ‘नॉटिकल अल्मनॅक’ होते आणि त्यात ग्रहणाची वेळ मिनिटासह दिलेली असे. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने शके १७८७ पासून त्यांच्या मताचे पंचांगही निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

वाद इथून सुरू झाला. नव्या गणिताने ग्रहणे चांगली जुळतात याबद्दल कोणालाही फारशी शंका नव्हती. अडचण तिथींची होती. जुन्या गणितात तिथी साठ घटकांहून जास्तीत जास्त पाचाने वाढते आणि सहाने घटते. याला ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत, आणि श्राद्ध, एकादशी वगैरेंचे निर्णय या मर्यादेवर बेतलेले होते. चंद्राला पूर्ण संस्कार दिला की अष्टमीच्या आसपासच्या तिथी ही मर्यादा ओलांडतात. त्यामुळे एक विचित्र तोडगा रूढ झाला: जुन्या पक्षाची अनेक पंचांगे तिथी ‘ग्रहलाघवा’ने आणि ग्रहणे मात्र नव्या कोष्टकांनी देऊ लागली. एकाच पानावर दोन चंद्र चालत होते. दिसणाऱ्या चंद्रासाठी एक गणित आणि न दिसणाऱ्यासाठी दुसरे, इतका प्रामाणिक कबुलीजबाब वादाच्या कोणत्याही बाजूने शब्दांत दिला नाही.

डेक्कन कॉलेजात छत्र्यांचे विद्यार्थी असलेले लोकमान्य टिळक पुढे या चळवळीच्या मध्यभागी आले. १९०४ मध्ये मुंबईला, १९१७ मध्ये पुण्याला आणि १९२० मध्ये सांगलीला ज्योतिष संमेलने भरली. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त या सगळ्या परंपरेचा जो इतिहास लिहिला, त्याला आजही तोड नाही. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ रचून आधुनिक गणित पुन्हा संस्कृत श्लोकांत बसवले, म्हणजे गणेश दैवज्ञांनी जे केले तेच नव्या आकड्यांनी केले. राशिचक्राचा आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्यावर धरायचा की चित्रेच्या समोर, यावर दोन पक्षांत सुमारे चार अंशांचा झगडा वर्षानुवर्षे चालला. ग्रहणाला त्याची काही क्षिती नव्हती. आरंभ कुठेही धरा, स्पर्शाची वेळ तीच निघते. फार तर ग्रहण कोणत्या राशीत झाले एवढे बदलते आणि राशिफळ लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

वेळेच्या मापानेही घोळ घातला. जुने पंचांग सूर्योदयापासूनच्या घटका-पळांत वेळ देई, आणि तीही ज्या गावासाठी पंचांग केले तिथली. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबई शहराने सुमारे ३९ मिनिटे मागची आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच ग्रहणाच्या तीन वेळा कानावर पडत, आणि तिन्ही बरोबर असत. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीच्या शिफारशींनंतर २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. आज सोलापूरचे दाते पंचांग असो की ‘कालनिर्णय’, ग्रहणाच्या वेळा आधुनिक गणिताच्याच असतात.

वेळेचा प्रश्न सुटल्यावर निरीक्षकांचे लक्ष रंगाकडे वळले. तोही विषय जुनाच. खंडग्रास असताना चंद्र काळा, पूर्ण बुडाल्यावर पिंगट आणि सावलीच्या मध्यात काळसर तांबडा दिसतो, असे आर्यभटाने नोंदवले होते. कारण मात्र १६०४ मध्ये केप्लरने सांगितले: पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाश सावलीत पोहोचतो. त्यातला निळा भाग वाटेत विखुरतो, तांबडा उरतो. सावलीच्या कडेशी क्षणभर निळसर झाक दिसते ती वरच्या थरातल्या ओझोनमुळे. ज्वालामुखीची धूळ वातावरणात भरली असेल तर चंद्र जवळजवळ नाहीसाच होतो. क्राकाटोआनंतरचे १८८४ चे, अगुंगनंतरचे डिसेंबर १९६३ चे आणि पिनाटुबोनंतरचे डिसेंबर १९९२ चे ग्रहण असेच काळेकुट्ट होते. फ्रेंच खगोलविद आंद्रे दांजों यांनी १९२१ मध्ये शून्य ते चार अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी दिली. शून्य म्हणजे चंद्र जेमतेम दिसतो, चार म्हणजे उजळ तांबूस-केशरी. ही नोंद नुसत्या डोळ्यांनी, खग्रासच्या मध्याला करायची असते.

व्यावसायिक वेधशाळांनी चंद्रग्रहणाकडे तुलनेने कमीच पाहिले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला जेऊरला तळ ठोकून होते. चंद्रग्रहणासाठी अशा मोहिमा कोणी काढल्या नाहीत. अमेरिकेत माउंट विल्सनवर पेटिट आणि निकोल्सन यांनी १९२७ च्या ग्रहणात चंद्राचे तापमान मोजले. सावली पडताच ते झपाट्याने उतरले, आणि पृष्ठभागावर उष्णता धरून न ठेवणारी धूळ असावी हे त्यावरून कळले. महाराष्ट्रात हे क्षेत्र हौशी निरीक्षकांचे राहिले. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि १९८५ च्या सुमारास मुंबईत सुरू झालेले खगोल मंडळ यांनी ग्रहणे लोकांना दाखवण्याची प्रथा पाडली.

या हौशी निरीक्षकांपुढची छायाचित्रणाची अडचण प्रकाशाच्या फरकात आहे. पौर्णिमेचा चंद्र आणि खग्रास चंद्र यांच्या तेजात दहा हजार ते दहा लाख पटींचा फरक पडू शकतो. आयएसओ १०० आणि एफ/८ वर पूर्ण चंद्राला सेकंदाचा दोनशे-अडीचशेवा भाग पुरतो. खग्रासमध्ये आयएसओ ८०० ते १६०० करूनही एक-दोन सेकंद, काळ्या ग्रहणात त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात चंद्र आकाशात सरकतो, म्हणून तिपाई तर हवीच, आणि लांब भिंगाला पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेणारी मोटर असली तर उत्तम. सेन्सरवरचे बिंब भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढे येते. २०० मिलिमीटरच्या भिंगाने जेमतेम दोन मिलिमीटर. फोकस हाताने, चंद्र उजळ असतानाच पक्का करून ठेवावा, कारण खग्रासमध्ये कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस चाचपडतो. खंडग्रास अवस्थेत एकाच चित्रात दोन्ही भाग येत नाहीत. उजळ भाग जपला तर ग्रस्त भाग काळा पडतो, ग्रस्त भागाचा रंग घेतला तर उजळ भाग पांढराफटक होतो. ते काम मागाहून चित्रे जोडूनच करावे लागते.

महाराष्ट्रात खरी अडचण ढगांची. २७ जुलै २०१८ च्या रात्री एकविसाव्या शतकातले सर्वांत लांब, १०३ मिनिटांचे खग्रास झाले ते ऐन पावसाळ्यात. ७ सप्टेंबर २०२५ चे ८२ मिनिटांचे खग्रासही भाद्रपद पौर्णिमेला आले. याउलट ३१ जानेवारी २०१८ ला मुंबईत निरभ्र हिवाळी संध्याकाळी चंद्र खग्रास स्थितीतच उगवला, पण क्षितिजालगतच्या धुरकटपणात अंधूक तांबडे बिंब शोधून काढायला अनेकांना पंधरा-वीस मिनिटे लागली. ३ मार्च २०२६ च्या ग्रहणाचा मोक्ष प्रमाणवेळेने संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांचा, म्हणजे राज्याच्या पश्चिम भागात चंद्र उगवतो त्याच सुमारास. तिथे ग्रस्तोदित, म्हणजे चंद्र ग्रस्त स्थितीतच उगवणे, हे नावापुरतेच. ३१ डिसेंबर २०२८ चे खग्रास मात्र रात्री साडेनऊ ते अकराच्या दरम्यान, कोरड्या ऋतूत आणि चंद्र आकाशात चांगला वर असताना होईल.